स्टार्टरवरची टोपी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मोटर चालू करायला एक माणूस ठेवलेला होता. त्याला दुसरं काम नव्हतं. हे सांगितलं की आज लोक हसतात. तेव्हाही हसायचे.

कारखाना माझ्या थोरल्या दिरांचा, अक्कलकोट रोडला. हजेरी, सुताची आवक-जावक, भांडारातलं तेल, पट्टे, खिळे हे सगळं माझ्याकडे होतं, कारण याद्या करून त्याप्रमाणे वागणारी घरात मी एकटीच. माझे यजमान वायरमन. नोकरी बाहेर करायचे, पण शेडमधलं विजेचं काम सुट्टीच्या दिवशी तेच बघायचे. सगळे माग एका मोटरवर चालत. मोटर एक लांब लोखंडी शाफ्ट फिरवायची. तो भिंतीच्या कडेनं, पत्र्याखालून, शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला होता आणि त्याच्यावरून प्रत्येक मागावर एक पट्टा उतरलेला होता.

ती वर्षं वीजकपातीची होती. दुष्काळ सरला होता, पण वीज काही सुधारली नव्हती. दिवसातून कितीदा जाईल आणि किती वेळ जाईल याचा नेम नसे. वीज गेली की स्टार्टर आपोआप सुटायचा, मात्र वीज परत आली म्हणून मोटर आपोआप चालू होत नसे. कुणीतरी स्टार्टरचं हिरवं बटण दाबावं लागे. तो दाबणारा माणूस म्हणजे ताता.

ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. आमचे बरेचसे विणकर तेलुगू घरांतले, त्यांनी ठेवलेलं नाव आम्हीही उचललं. जन्मभर हातमागावर आणि नंतर आमच्याकडे यंत्रमागावर त्यांनी विणलं होतं. डोळे अधू झाले, तुटलेला धागा दिसेना, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्यांना मागावरून उठवून स्टार्टरजवळ स्टुलावर बसवलं. सासरे गेले, ताता स्टुलावर राहिले.

त्यांची एक पद्धत होती. वीज आली की लगेच बटण दाबायचं नाही. आधी उभं राहून ओरडायचं, "हात?" पहिल्या रांगेतून उत्तर यायचं, "वर!" मग दुसऱ्या रांगेकडे तोंड करून पुन्हा, "हात?" "वर!" कुणी मागात हात घालून गाठ मारत असला तर तो "थांबा ताता" म्हणायचा. सगळ्या रांगांचं उत्तर आल्यावरच बटण. शाफ्ट रिकामा फिरायला लागायचा, मग विणकर आपापले दांडे ओढून एकेक माग चालू करायचे.

दुसरी पद्धत टोपीची. वीज गेली आणि कुणाला शाफ्टजवळ काही करायचं असलं, पट्टा सांधायचा असला, तेल द्यायचं असलं, की ताता डोक्यावरची काळी टोपी काढून स्टार्टरच्या खुंटीला अडकवायचे. टोपी अडकवलेली असेपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. एकदा वीज आली, ताता वर शिडीवर होते आणि मालकांना, म्हणजे माझ्या दिरांना, घाई झालेली. त्यांनी टोपी उचलायला हात पुढे केला. जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा आमचा मिस्त्री, शेडच्या पलीकडून ओरडला, "ओ मालक! टोपी हाय की!"

मालकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सुताच्या कांड्या भरायला बसलेली बाई, तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, ती चरख्यावरून बोलली, "ताता की टोपी मालिक से बडी है जी." सगळी शेड हसली. मालकही हसले, पण त्यांना ते लागलं.

तातांना ती जागा का हवी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांना मुलगा नव्हता. ते लेकीकडे, जावयाच्या घरी राहायचे. जावई वाईट नव्हता. पण एकदा डबा खाताना ते मला म्हणाले, "वैनी, जावयाच्या घरात सकाळी डबा घेऊन बाहेर पडनारा मानूस सासरा असतो. घरात बसनारा नुसता म्हातारा असतो." बोलून झाल्यावर त्यांनी शेंगाचटणीचा शेवटचा कण बोटानं टिपला आणि डबा विसळून, पुसून पिशवीत ठेवला. डबा ते घरी स्वच्छच नेत, धुवायला लेकीला त्रास नको म्हणून इथेच विसळून.

आणि मग तो प्रकार झाला. एका दुपारी वीज आली तेव्हा ताता संडासाला गेलेले होते. शेड त्यांची वाट बघत थांबली. कुणीही बटण दाबू शकलं असतं, पण ते तातांचं काम, त्यामुळे कुणी उठलं नाही. ताता धोतर सावरत परत येईपर्यंत वीज पुन्हा गेलीसुद्धा. विणकरांची मजुरी कापडावर. ते चिडले. मालक त्याहून जास्त चिडले. संध्याकाळी घरी येऊन माझ्या यजमानांना म्हणाले, "तू एवढा वायरमन. वीज आली की मोटर आपली आपण चालू झाली पाहिजे, एवढं तुला करता येत नाही?"

"येतं," यजमान म्हणाले. "अवघड काही नाही."

खरंच अवघड नव्हतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्टार्टरचं झाकण काढलं आणि हिरव्या बटणाला समांतर एक वायरचा जोड दिला. हिरवं बटण कुणीतरी कायमचं दाबून धरल्यासारखी ती सोय झाली. जोडात मध्ये एक छोटा खटका बसवला. खटका वर असला की मोटर आपोआप, खाली असला की पूर्वीसारखी हातानं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जमवून दाखवलं. बाहेरच्या खोलीत मेन स्विच होता. फ्यूजची तार चोरीला जायची म्हणून ती खोली कुलपात, किल्ली मालकांच्या खिशात. मालकांनी जाऊन मेन पाडला, शाफ्ट थांबला. मेन चढवला, स्टार्टर आतून खट् वाजला आणि कुणी हात न लावता शाफ्ट फिरू लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ताता स्टुलावरून उठून ओरडले, "हात?"

शाफ्ट केव्हाच फिरत होता. एक विणकर म्हणाला, "ताता, आता तुमी पेन्शनीत!" पुन्हा हशा. तातांनीही बोळकं उघडून हसून घेतलं.

यजमानांनी एक गोष्ट जॉबरला बजावून सांगितली. मी शेजारी उभी होते, माझ्या कानावर आहे. "मोटर बंद करायची तर आधी हा खटका खाली. नुसतं लाल बटण दाबलंस तर थांबेल, पण बोट काढलंस की पुन्हा चालू होईल. ध्यानात ठेव."

"व्हय, व्हय. आधी खटका," जॉबर म्हणाला.

मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून भिंतीला लावले. वीज जाताच दांडा सोडवावा. मागात हात घालू नये. मोटर थांबवण्याआधी खटका खाली करावा. शाफ्टला तेल फक्त सुट्टीच्या दिवशी, मेन पाडून. टोपीबद्दल काही लिहिलं नाही. ती पद्धत आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती पद्धत आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मालकांनी तातांना काढलं नाही. "राहू दे बाबांनी ठेवलेला माणूस. तेलपाणी बघेल," म्हणाले. तातांनी ते शब्द धरून ठेवले. तेलपाणी.

पूर्वी शाफ्टच्या बेअरिंगना आठवड्यातून एकदा तेल दिलं जायचं. आता वीज गेली रे गेली की ताता शिडी लावू लागले. एका हातात तेलाची कुप्पी, दुसऱ्या हाताला चिंधी गुंडाळलेली. अधू डोळ्यांनी चाचपडत एकेक बेअरिंग पुसायचे, तेल सोडायचे. भांडारातला तेलाचा डबा लवकर संपू लागला. पांढऱ्या टॉवेलांवर वरून पडलेल्या तेलाचे ठिपके दिसू लागले आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली. मी तातांना म्हटलं, "ताता, तेल फार होतंय. टॉवेल डागाळतात."

"शाफ्ट कुरकुरतोय वैनी. मला ऐकू येतंय."

"आणि मेन पाडल्याशिवाय वर चढायचं नाही असं ठरलंय ना?"

"मालकांना किती वेळा उठवू किल्लीसाठी? लाइट गेलेलीच असते की." मग त्यांनी स्टार्टरकडे बोट केलं. "आनि टोपी लावतो ना मी."

मी स्टार्टरकडे बघितलं. टोपी होती. मी आपल्या कामाला लागले.

त्या क्षणाचा मी पुढे खूप विचार केला. माझ्या डोक्याला माहीत होतं की मोटर आता कुणाच्या बोटाची वाट बघत नाही. तातांच्याही डोक्याला माहीत होतं. ती आपोआप चालू होताना त्यांनी रोज बघितली होती, त्यापायीच तर त्यांचं स्टूल गेलं होतं. शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि तरी खुंटीला टोपी दिसली की आम्हा सगळ्यांच्या मनात शाफ्ट बंद व्हायचा.

उन्हाळ्याची दुपार होती. पत्रा तापलेला. वीज गेली तशी विणकर दांडे सोडवून सावलीत सरकले, काही जण पाण्याच्या माठाकडे गेले. शाफ्ट थांबला की शेडमध्ये कान दुखतील इतकी शांतता व्हायची, बाहेरच्या चिमण्या ऐकू यायच्या. तातांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली, शिडी लावली आणि मधल्या बेअरिंगपाशी चढले. मी सुताच्या पेट्यांजवळ होते. खाला चरख्यापाशी पाय पसरून बसली होती. वर बघून म्हणाली, "ताता, इतना तेल तो मैं सर को भी नै लगाती."

"तुझ्या डोक्यात काय फिरतंय, तेल लागायला?" ताता वरून म्हणाले. खाला स्वतःच मोठ्यानं हसली.

स्टार्टर खट् वाजला.

चिंधी आधी गुंडाळली गेली, मग सदऱ्याची बाही. ते ओरडले की नाही ते मला आठवत नाही. शाफ्टचा आवाज आठवतो. जॉबर धावला आणि त्यानं जन्मभर जे केलं तेच केलं, लाल बटणावर तळवा मारला. शाफ्ट थांबला. तो बटण सोडून शिडीकडे पळाला आणि शाफ्ट पुन्हा फिरू लागला.

मग खाला पोचली. तिनं दोन्ही अंगठे लाल बटणावर रोवले आणि धरून ठेवले. शाफ्ट थांबला तो तिच्या अंगठ्यांखाली थांबला. "खटका! खटका खाली कर!" मी ओरडत होते, पण तिला खटका कोणता ते माहीत नव्हतं, आणि ती बटणावरून नजर हलवायला तयार नव्हती. मालक किल्ली घेऊन बाहेरच्या खोलीकडे पळाले. मेन पडल्यावरही तिनं अंगठे काढले नाहीत. तातांना खाली उतरवून, गठ्ठ्यातले नवे टॉवेल काढून मी हात बांधला, सुताच्या टेम्पोत त्यांना घातलं, टेम्पो फाटकाबाहेर गेला, तरी ती तशीच उभी होती. मीच जाऊन तिचे अंगठे उचलले. बटणाच्या कडेचे वळ उठले होते. टोपी तिच्या कपाळाजवळ खुंटीला लटकत होती.

उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

दवाखान्याचं सगळं मालकांनी केलं, त्यात त्यांनी कमी केलं नाही. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी जोड कापून टाकला. घरी दोघे भाऊ समोरासमोर बसले होते, मी चहा ठेवला. मालक म्हणाले, "तू सांगितलं होतंस, खटका खाली करा म्हणून. सगळ्यांसमोर सांगितलं होतंस. तुझ्याकडे कशाला बोट?"

"मोटर थांबवायचं सांगितलं होतं," यजमान म्हणाले. "वीज जाऊन ती थांबलेली असताना ती बंद नाही, हे नीट सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, कळतंच की."

त्यानंतर शेडमधलं काम त्यांनी केलं नाही. दुसरा वायरमन लावला. घरातला फ्यूज गेला तरी ते मला म्हणायचे, "बोलाव कुणाला तरी."

पावसाळ्यात ताता परत आले. सोबत जावई होता. तो दारातच उभा राहिला आणि मालकांना म्हणाला, "घरात बसवत नाही म्हणतात. बघा तुम्ही." उजवी बाही खांद्याशी सेफ्टी पिनेनं टाचलेली, डोक्यावर तीच टोपी. आता मोटर पुन्हा हाताच्या बटणावर होती, म्हणजे बटण दाबणारा हवाच होता. मालकांनी स्वतः स्टूल पुसून ठेवलं. तातांना त्यांची जागा परत मिळाली.

पहिल्या दिवशी वीज गेली आणि आली. ताता उठले. "हात?"

"वर!" पहिल्या रांगेतून जोरात उत्तर आलं. त्यांच्यासाठी म्हणून जरा जास्तच जोरात.

"हात?" "वर!" सगळ्या रांगा झाल्या. ताता बटणासमोर उभे राहिले. डावा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. मग ते वळले आणि पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. "हात?"

रांगांनी दुसऱ्यांदा उत्तरं दिली. तातांनी तरीही बटण दाबलं नाही. स्टुलाला वळसा घालून ते रांगांमधून चालत गेले, प्रत्येक मागापाशी थांबून वाकून विणकराचे दोन्ही हात जवळून बघत. परत आले. पुन्हा बटणासमोर.

शेवटी एक जण मागून म्हणाला, "दाबा की ताता. लाइट परत जाईल."

"तू दाब," ताता खालाला म्हणाले.

खाला चरख्यावरून उठली नाही. "मैं नै. मैंने एक बार दबाई, बस हो गया."

मग मी गेले आणि दाबलं.

तेव्हापासून असंच ठरलं. ताता हाळी द्यायचे, रांगा मोजून माझ्याकडे बघून मान हलवायचे, मी हातातलं काम टाकून येऊन बटण दाबायची. टोपी त्यांनी पुन्हा कधी खुंटीला लावली नाही. एकदा पट्टा सांधायचा होता, जॉबरनं सवयीनं हात पुढे केला, "ताता, टोपी द्या." ताता म्हणाले, "टोपी न्हाय. किल्ली आन. मेन पाड, किल्ली तुझ्या खिशात ठेव, मग चढ." जॉबर किल्ली आणायला गेला. पण वीज येऊन वाया जाऊ लागली. तातांची एकेक फेरी लांबत होती. कधी दोनदा, कधी तीनदा ते हात बघून यायचे. विणकर पहिले काही आठवडे सोसत होते. मग पाठ फिरवून पुटपुटू लागले. मग पाठ न फिरवता. मालक मला म्हणाले, "एका बटणाला दोन माणसं, आणि तरी माग बंद." महिनाअखेरची कापडाची बेरीज मीच करत होते.

पुढच्या वर्षी मालकांनी तयार स्टार्टर विकत आणला. वीज आली की त्यातली घंटा बराच वेळ वाजायची आणि मगच मोटर चालू व्हायची. लाल बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहायचं. शिडीजवळ वेगळा खटका होता, तो पाडला की घंटाही नाही आणि मोटरही नाही. सगळं विचार करून केलेलं. नव्या वायरमननं चालवून दाखवलं. घंटा वाजली आणि सवयीनं सगळ्या रांगा ओरडल्या, "वर!" मग विणकर एकमेकांकडे बघून आपापल्या दांड्यांकडे वळले.

ताता स्टुलावर बसून ऐकत होते. मालक म्हणाले, "ताता, तुम्ही बसा. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

"घंटा बरी हाय," ताता म्हणाले. "माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजते." त्यांनी डबा पिशवीत घातला, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मालकांनी माणूस पाठवला, तर जावयानं सांगितलं, घरीच बरे आहेत.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. गावाच्या पूर्व भागातली अरुंद गल्ली, जवळपास प्रत्येक घरात पुढच्या खोलीत माग. वीज गेलेली होती, म्हणून गल्ली शांत होती आणि बायका दारात बसून बोलत होत्या. ताता ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. माझ्या यजमानांची चौकशी केली, खालाची केली. शाफ्ट कुरकुरतो का विचारलं. तिळगूळ तळहातावर घेऊन तसाच धरून बसले. लेकीनं आतून चहा आणला.

आम्ही बोलत असताना वीज आली. समोरच्या घरातले माग सुरू झाले, मग शेजारचे, मग सगळी गल्ली खडखडू लागली. तातांनी तिळगूळ खाली ठेवला आणि उरलेला हात मांडीखाली घेतला. त्यावर नीट बसले, आणि माग चालू होते तोवर तसेच राहिले.

चहा ओट्यावर निवत होता. मी लेकीकडे बघितलं.

"रोज असंच करतात," ती म्हणाली. "लाइट गेली की मग पाजते मी."